दोन हजाराच्या आतला कंट्रोलर: खोक्यावर काय छापलंय ते सोड, हातात घेऊन काय तपासायचं ते सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंजिनिअरिंगचं सेकंड इयर, लॅपटॉपवर ईए एफसी (फुटबॉल) आणि फोर्झा होरायझन (गाड्यांचा गेम) खेळायचंय, अधूनमधून भावाबरोबर टेकन (मारामारीचा), बजेट दोन हजाराच्या आत, ओरिजिनल एक्सबॉक्सचा कंट्रोलर परवडत नाही. मग ‘हॉल इफेक्ट’ (चुंबकावर चालणारी स्टिक) लिहिलेला कुठलाही घेतला तर ड्रिफ्टचं, म्हणजे स्टिक न हलवता आपोआप हलल्यासारखी वागण्याचं, टेन्शन कायमचं गेलं ना? आणि पुढे पीएस ५ घेतला तर त्यावर हाच चालेल का? सेकंड इयर लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. माझं काम कंट्रोलर दुरुस्तीचं आहे, पुण्यात बसतो, पार्ट तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतो, आणि टेबलावर येणाऱ्या मालात ओरिजिनलपेक्षा हजार-दोन हजारवालेच जास्त असतात, त्यामुळे या रेंजमध्ये काय कुठे मोडतं ते रोज बघतो.

पीएस ५ चं आधी उरकून टाकतो कारण ते सरळ आहे. नाही चालणार. सोनीचं लायसन्स नसलेल्या कंट्रोलरवर पीएस ५ चे गेम चालत नाहीत, फार कशाला, खुद्द सोनीचा पीएस ४ चा ओरिजिनल कंट्रोलरसुद्धा पीएस ५ वर फक्त पीएस ४ चे गेम लावले तरच चालतो. एक्सबॉक्सचंही तेच, नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने विनापरवाना अ‍ॅक्सेसरीज कन्सोलवर ब्लॉक करायला सुरुवात केली. मधे अडॅप्टर लावायच्या भानगडी आहेत पण त्या अडॅप्टरच्या पैशात भर घालून पुढे वेगळा कंट्रोलरच घेशील. तेव्हा आत्ताचा निर्णय फक्त लॅपटॉपसाठी घे, ‘पीएस ५ सपोर्ट’ असं लिस्टिंगमध्ये वाचून दोनशे रुपये जास्त देऊ नकोस.

आता मुख्य मुद्दा. तू विचारलंयस की हॉल इफेक्ट घेतला की झालं का, पण खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. या रेंजमध्ये मॉडेलच्या नावाला फारसा अर्थ नसतो. एकाच नावाचे, एकाच रंगाचे दोन कंट्रोलर मी उघडलेत आणि आत बोर्ड वेगळे, स्टिकचे मॉड्यूल वेगळ्या कंपनीचे, असं निघालेलं आहे. म्हणजे यूट्यूबवाल्याने मागच्या वर्षी ज्याचा रिव्ह्यू केला तो आणि तुझ्या घरी जो येईल तो, हे दोन एकच असतील याची गॅरंटी नाही. त्यामुळे ‘कुठला घेऊ’ याच्या बरोबरीने ‘जो आला तो ठेवू की परत करू’ हे ठरवता आलं पाहिजे, तेही रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत. बहुतेक लोक ती मुदत खेळण्यात घालवतात आणि तपासणी आठव्या दिवशी सुरू करतात.

हॉल इफेक्टबद्दल आधी नीट समजून घे. साध्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, कार्बनच्या पट्टीवर एक बारीक धातूचा काटा घासत फिरतो. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब खरखर करायचा, तो हाच पार्ट. घासून पट्टी झिजते, काजळी साचते, मग स्टिक सोडली तरी बोर्डला वाटतं कोणीतरी ढकलतंय, तो ड्रिफ्ट. आणि हा फक्त स्वस्त मालाचा रोग नाही बरं का, सोनीच्या ड्युअलसेन्समध्ये, म्हणजे पीएस ५ च्या कंट्रोलरमध्येसुद्धा, आल्प्स कंपनीचं पोटेन्शिओमीटरवालंच मॉड्यूल आहे. वस्तू उघडून दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिटवाल्यांनी २०२१ मध्ये त्याची डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) काढून हिशोब मांडला होता, स्टिकचं आयुष्य २० लाख फेऱ्या, आणि कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनसारखा गेम खेळला तर साधारण ४१७ तासांत ते आयुष्य संपतं. संपतं म्हणजे त्याच दिवशी बंद पडतं असं नाही, कंपनीची हमी तिथपर्यंत. आता तू रोज तासभर खेळणार असशील तर ते वर्षाच्या वर गेलं, आणि वॉरझोनमध्ये अंगठा जेवढा सतत वळवळतो तेवढा फोर्झामध्ये नाही वळवळत.

हॉलमध्ये घासणं नाही. स्टिकला चुंबक आणि खाली सेन्सर, चुंबक हलला की सेन्सरमधलं व्होल्टेज बदलतं. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली शोधला आणि सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ मध्येच अशी स्टिक होती, म्हणजे ‘नवीन टेक्नॉलॉजी’ वगैरे काही नाही, मधल्या काळात पोटेन्शिओमीटर स्वस्त पडत होता म्हणून तोच चालला. आता टीएमआर म्हणून अजून एक प्रकार आलाय, तोही चुंबकावरच चालतो, वीज कमी खातो म्हणून वायरलेसला बरा. हे सगळं चांगलंच आहे, मी हॉलच्या विरोधात नाहीये. पण हॉल काय सोडवतो? फक्त पट्टी झिजण्याचा प्रश्न. स्टिकला मधे आणणारी स्प्रिंग तीच, स्टिकचा दांडा ज्या कड्याला घासतो ते कडं तेच, सेन्सरचे आकडे वाचून लॅपटॉपला पाठवणारं फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच घाईत लिहिलेलं. माझ्याकडे हॉलवाले कंट्रोलर ‘ड्रिफ्ट होतोय’ म्हणून येतात त्यात बरेचदा स्प्रिंग सैल झालेली असते किंवा कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य आणि टोकं कुठे हे कंट्रोलरला शिकवलेलं, हललेलं असतं. कॅलिब्रेशनचं बटणांचं कॉम्बिनेशन सोबतच्या कागदावर छापलेलं असतं, तो कागद लोक खोक्याबरोबर फेकून देतात आणि मग माझ्याकडे येतात, माझं काय जातंय म्हणा.

अजून एक. ‘हॉल इफेक्ट’ मोठ्या अक्षरात असेल तर पुढचा शब्द वाच. बऱ्याच लिस्टिंगमध्ये ट्रिगर (बोटाने दाबायचे मागचे खटके) हॉलचे असतात आणि स्टिक साध्या पोटेन्शिओमीटरच्या. ट्रिगर हॉलचा असणं वाईट नाही पण तू ज्याला घाबरतोयस तो ड्रिफ्ट स्टिकचा आहे, ट्रिगरचा नाही. खोक्यावर ‘स्टिक’ किंवा ‘जॉयस्टिक’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर साधीच आहे असं धरून चाल.

कंट्रोलर घरी आला की केबलने लॅपटॉपला लाव, वायरलेस असला तरी पहिली टेस्ट केबलनेच. ब्राउझरमध्ये ‘गेमपॅड टेस्टर’ सर्च केलंस की साइट मिळतात, त्यात प्रत्येक स्टिकचे दोन आकडे दिसतात, डावं-उजवं आणि वर-खाली, उणे १ पासून १ पर्यंत, आणि ट्रिगरचे ० ते १. विंडोजचं स्वतःचंही आहे, रन मध्ये जॉय डॉट सीपीएल टाकलं की उघडतं, पण त्यात आकडे दिसत नाहीत, नुसतं फुलीचं चिन्ह हलतं, म्हणून मी ब्राउझरवालंच वापरायला सांगतो.

पहिली गोष्ट, स्टिक एका बाजूला पूर्ण ढकलून एकदम सोड. चारही बाजूंनी कर. सोडल्यावर आकडा कुठे थांबतो ते बघ. ०.०२, ०.०४ असं काही दिसलं तर घाबरू नकोस, लोक इथेच घाबरतात आणि चांगला माल परत करतात. गेमला ते माहीत असतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुटमध्ये (विंडोज आणि कंट्रोलर बोलतात ती पद्धत, पुढे सांगतो) डाव्या स्टिकसाठी डेडझोनचा, म्हणजे मधल्या दुर्लक्षित भागाचा, सुचवलेला आकडा ७८४९ आहे आणि उजवीसाठी ८६८९, पूर्ण ३२७६७ पैकी, म्हणजे जवळपास पाव भाग दुर्लक्षित करा असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. सगळे गेम एवढा मोठा ठेवत नाहीत, पण ०.०४ ने कोणाचा प्लेयर आपोआप चालायला लागत नाही. काळजी कधी करायची, तर डावीकडून सोडल्यावर एका ठिकाणी थांबते आणि उजवीकडून सोडल्यावर भलत्याच ठिकाणी, उदाहरणार्थ इकडे उणे ०.०८ आणि तिकडे ०.०७. हा ढिलेपणा आहे, नव्या मालातच एवढा असेल तर तो वाढणार, कमी नाही होणार. परत कर.

आता याच्या उलट. स्टिक कशीही सोडली तरी आकडा बरोबर शून्य, शेवटच्या दशांशापर्यंत शून्य, जराही थरथर नाही. बघायला छान वाटतं पण मला अशा वेळी शंका येते, कारण सेन्सर म्हटला की शेवटचा आकडा थोडाफार नाचणारच. दगडासारखं शून्य याचा अर्थ फर्मवेअरने मधला भाग कापून टाकलाय. म्हणजे कंट्रोलरच्या आतच एक डेडझोन, त्यावर गेमचा वेगळा. किती कापलाय ते काढायचं असेल तर स्टिक अगदी सावकाश, केसाएवढी केसाएवढी ढकल. आकडा ०.०१, ०.०२ असा वाढत गेला तर उत्तम. शून्य शून्य शून्य आणि मग एकदम ०.१५ दिसलं तर त्या कंपनीने ड्रिफ्ट सोडवला नाही, लपवलाय. दोन वर्षांनी ड्रिफ्ट दिसू नये म्हणून आजचा पहिला १५ टक्के कंट्रोल तुझ्याकडून काढून घेतला.

फोर्झामध्ये हे लगेच जाणवतं. हायवेवर गाडी २५० ने चाललीये आणि तुला किंचित डावीकडे घ्यायचीये, तर एकतर काहीच होत नाही किंवा गाडी झटका मारते, मधलं काही नाही. त्या गेमच्या अ‍ॅडव्हान्स कंट्रोल्समध्ये स्टिअरिंगचा आतला आणि बाहेरचा डेडझोन वेगळा सेट करता येतो, आतला शून्यावर आण आणि मग चालवून बघ. शून्यावर आणूनही झटका असेल तर दोष कंट्रोलरचा. ईए एफसीमध्ये मात्र हा डेडझोन बहुतेकांना कळतसुद्धा नाही कारण तिथे स्टिक कायम पूर्ण ढकललेली असते. म्हणून म्हणतो, चांगला-वाईट हे गेमवर अवलंबून आहे.

एफसीसाठी दुसरी टेस्ट महत्त्वाची. स्टिक पूर्ण वर ढकल आणि कडेकडेने हळूहळू उजवीकडे ने. डावं-उजवंचा आकडा लगेच वाढायला लागला पाहिजे. काही स्वस्त पॅडमध्ये तो बराच वेळ शून्याला चिकटून राहतो आणि मग सुटतो, कारण डेडझोन गोल न ठेवता दोन्ही अक्षांवर वेगवेगळा ठेवलाय, अधिकच्या चिन्हासारखा. याचा परिणाम काय, तू विंगरला थोडा तिरका पास देतोस आणि बॉल सरळ जातो, तू म्हणतोस गेम स्क्रिप्टेड आहे. गेमला खूप शिव्या पडतात, त्यातल्या थोड्या कंट्रोलरच्या वाट्याला यायला हव्यात.

टेस्टरमध्ये वर्तुळाची चाचणीही असते, स्टिक कडेने गोल फिरवली की सरासरी एरर टक्क्यांत दाखवतो. यावरून लोक फार भांडतात. एरर शून्याच्या जवळ असला म्हणजे भारी आणि दहा टक्के असला म्हणजे भंगार असं काही नसतं, ओरिजिनल एक्सबॉक्स कंट्रोलरवरही आठ-दहा टक्के सहज दिसतात कारण तिरक्या कोपऱ्यांत आकडा वर्तुळाच्या बाहेर जातो, आणि बाहेर गेलेलं गेम कापून टाकतो. वाईट काय, तर कुठल्यातरी दिशेला आकडा वर्तुळापर्यंत पोचतच नाही. वर ढकलली तर १, खाली १, डावीकडे १ आणि उजवीकडे ०.९० वर अडकली. मग उजवीकडे स्टिअरिंग पूर्ण वळणारच नाही. कॅलिब्रेशन करून सुधारलं तर ठीक, नाहीतर परत.

आकडे वाढताना पायऱ्यांकडेही बघ. प्रत्येक उडी ०.००७८ च्या आसपास असेल तर कंट्रोलर २५६ पायऱ्यांवर चाललाय, त्याहून बारीक असेल तर अर्थातच चांगलं. पण खरं सांगू का, २५६ पायऱ्या तुझ्या तिन्ही गेमला पुरतात. शूटिंग गेमवाल्यांनी याचा विचार करावा. तसं व्हॅलोरंट पीसीवर कंट्रोलर घेतच नाही, त्यासाठी कोणी घेत असेल तर पैसे वाचवा.

ट्रिगर. फोर्झासाठी स्टिकइतकाच महत्त्वाचा. सावकाश दाबत ने, आकडा ० ते १ सलग चढला पाहिजे. थेट ० वरून १ वर उडी मारत असेल तर तो ट्रिगर नाही, नुसतं बटण आहे. पण परत करण्याआधी मोड तपास, कारण बऱ्याच मल्टी-प्लॅटफॉर्म पॅडमध्ये निन्टेंडो स्विचचा मोड असतो आणि स्विचचे ट्रिगर मुळातच डिजिटल असतात, त्या मोडमध्ये पॅड चालू झाला असेल तर असंच दिसणार. एक्सबॉक्स मोडमध्ये टाकून परत बघ. सलग चढत असेल तरी दोन टोकं बघ, दाबायला सुरुवात करून निम्मं अंतर गेल्यावर आकडा हलायला लागतो का, आणि पूर्ण दाबायच्या आधीच १ होतो का. अशा ट्रिगरवर ब्रेक एकतर लागत नाही किंवा चाकं लॉक होतात, मग लोक एबीएस चालू करून गप्प बसतात.

टेकनचं गणित अजून वेगळं, तिथे सगळा भार डी-पॅडवर, म्हणजे डावीकडच्या चार दिशांच्या बटणांवर. अंगठा न उचलता खालून पुढे असा गोल फिरव, खाली, तिरकं, पुढे हे तिन्ही टेस्टरवर क्रमाने दिसले पाहिजेत, तिरकं गाळलं जात असेल तर मिशिमा कॅरेक्टरचा वेव्ह डॅश (सटकन पुढे सरकायची चाल) विसर, कारण तो खाली-पुढेच्या तिरक्यावरच उभा आहे. मग उलट टेस्ट, नुसतं खाली जोरात दाबून धर आणि अंगठा जरा डोलव, त्यात डावं-उजवं आपोआप लागत असेल तर बसल्या बसल्या भलतीच मूव्ह निघणार. खाली टक-टक वाजणाऱ्या मायक्रोस्विचचा डी-पॅड असेल तर दिशा स्पष्ट लागते, रबरी मेम्ब्रेनवाला मऊ असतो, दोन्हीत चांगले-वाईट बघितलेत, त्यामुळे आवाजावरून ठरवू नकोस.

कनेक्शनबद्दल तू काहीच विचारलं नाहीस पण दोन हजाराच्या आत फसवणूक इथे जास्त होते. विंडोजमध्ये दोन भाषा आहेत, जुनी डायरेक्टइनपुट आणि एक्सबॉक्स ३६० च्या काळात आलेली एक्सइनपुट. आजचे बहुतेक गेम एक्सइनपुट गृहीत धरतात. तीनशे-चारशे रुपयांत मधे ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलेलं बटण आणि लाल लाइट असलेला जो पॅड सगळीकडे मिळतो तो जुन्या भाषेतला, त्याचे ट्रिगरही नुसती बटणं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला गेम असेल तर त्यातलं स्टीम इनपुट भाषांतर करून देतं, पण स्टीमच्या बाहेरून घेतलेल्या गेमला ते आयतं मिळत नाही, मग वेगळी सॉफ्टवेअर टाकत बस. टेस्टरमध्ये कंट्रोलरचं नाव ‘एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर’ असं दिसलं तर खोटा माल म्हणून दचकू नकोस, चांगल्या कंपन्यांचे पॅडसुद्धा तीच ओळख सांगतात, कारण ती सांगितली की विंडोज ड्रायव्हर न मागता चालू करतो. आपल्या दृष्टीने ही चांगलीच बातमी. पीएस ४ च्या ‘फर्स्ट कॉपी’ पासून मात्र लांब राहा, बाहेरून हुबेहूब आणि आतून टचपॅडपासून हेडफोनच्या जॅकपर्यंत काय चालेल काय नाही याचा नेम नाही.

वायर की वायरलेस? माझं मत वायर. कारण साधं आहे, दोन हजारातले बॅटरी, चार्जिंगचं सर्किट, रेडिओ आणि डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर) यात जे पैसे जातात ते स्टिक आणि ट्रिगरमधून कापलेले असतात. तू लॅपटॉपसमोरच बसणार आहेस. पलंगावर पडून टीव्हीवर खेळायचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा नुसत्या ब्लूटूथपेक्षा डोंगल असलेला बघ. आणि डोंगल लॅपटॉपच्या यूएसबी ३ च्या पोर्टला, शेजारी पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क, असं लावू नकोस, यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने यावर २०१२ सालीच कागद काढलाय. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब आणला की ‘बटण अडकतंय’ म्हणून आलेल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पोलिंग रेटच्या, म्हणजे कंट्रोलर सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो त्याच्या, जाहिरातीवर फार वेळ घालवू नकोस. १००० हर्ट्झ म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा माहिती, १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांना. ६० एफपीएसवर एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते. फरक आहे, पण टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर त्यात जे जातं त्यापुढे हा काहीच नाही. आणि १००० चा आकडा बहुतेक वेळा केबलचा असतो, वायरलेसचा किती ते बारीक अक्षरात.

वायरलेस घेतलासच तर चार्जिंगचं एक लक्षात ठेव. टाइप-सी पोर्ट आहे म्हणून मोबाइलच्या नव्या चार्जरची दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावतात आणि ‘चार्जच होत नाही, डेड आला’ म्हणून परत करतात. त्या पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन बारके रेझिस्टर लागतात, ते असले तरच समोरचा चार्जर वीज सोडतो. काही स्वस्त पॅडमध्ये कंपनीने ते गाळलेले असतात. एका बाजूला जुना चपटा यूएसबी असलेली केबल लाव, चार्ज होतो. कंजूषपणा आहे हा, पण यासाठी कंट्रोलर फेकायची गरज नाही.

बॉडीबद्दल एक आपल्याकडचा मुद्दा जो परदेशी रिव्ह्यूमध्ये क्वचित सापडतो. रबरासारखा मखमली कोटिंगवाला कंट्रोलर दुकानात हातात घ्यायला फार भारी वाटतो. दमट हवेत ते कोटिंग काही काळाने विरघळल्यासारखं चिकट होतं, मुंबई, कोकण, गोव्याकडून येणाऱ्या मालात हे हमखास, त्यात पावसाळ्यात कपाटात ठेवलेला असेल तर बघायलाच नको. साध्या प्लॅस्टिकवर बारीक खडबडीत नक्षी असलेला घे, दिसायला साधा पण हाताला घाम आला तरी टिकतो. बाकी व्हायब्रेशनचं एवढंच की डावी मोटर जड आणि उजवी हलकी असायला हवी, दोन्हीकडे सारखंच भुर्रर्र होत असेल तर दोन सारख्याच मोटर टाकल्यात, खेळायला त्याने काही अडत नाही. आरजीबी लाइटला माझ्याकडून शून्य मार्क.

विकत घेताना. ऑनलाइन घेतलास तर पाच स्टारवाले रिव्ह्यू सोड, ते बहुतेक खोकं उघडल्याच्या दिवशीचे असतात. दोन-तीन स्टारवाले वाच, त्यातही ‘चार महिन्यांनी लिहितोय’ असे. एकाच पार्टबद्दल तीच तीच तक्रार दिसली, म्हणजे समजा उजवा बंपर (ट्रिगरच्या वरचं बटण) किंवा केबलची मुळाजवळची बाजू, तर ती त्या मॉडेलची खोड. खोकं उघडताना व्हिडिओ काढ. दुकानातून घेतलास तर लॅपटॉप सोबत ने आणि तिथेच वरच्या टेस्ट कर, स्टिक आणि ट्रिगरच्या तर नक्कीच, पाच मिनिटांत होतात. दुकानदार ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणाला तर त्याचा अर्थ दाराबाहेर पडलास की तो तुला ओळखत नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा नंबर हे छापलेलं असणं कायद्याने लागतं, ते स्टिकर नसेल तर वॉरंटी कोणाकडे मागणार? रेडगिअर, कॉस्मिक बाइट, एव्होफॉक्स, अँट ईस्पोर्ट्स ही आपल्याकडे या रेंजमध्ये नेहमी दिसणारी नावं आहेत, बजेट थोडं ताणलं तर गेमसर आणि ८बिटडू. यातलं अमुक घे असं मी मुद्दाम म्हणत नाहीये, कारण वर सांगितलं तेच, बॅच बदलली की माल बदलतो.

वॉरंटीत असेपर्यंत स्क्रू उघडू नकोस, यूट्यूब बघून तर अजिबातच नको. स्टिकचं एक मॉड्यूल काढायचं म्हणजे सोल्डरचे १४ टाके सोडवायचे, सहा सेन्सरचे, चार बटणाचे, चार पायांचे, आणि स्वस्त बोर्डचं तांबं जरा जास्त गरम झालं की टाक्याबरोबर उखडून हातात येतं. त्यानंतर माझ्यासारख्याकडे आणलास तर नव्या कंट्रोलरच्या निम्मे पैसे नुसत्या बोर्डाला जम्पर (उखडलेल्या तांब्याच्या जागी वायरचे जोड) मारण्यात जातील.

तर तुझ्या बाबतीत, मी असतो तर काय घेतलं असतं: वायरवाला, एक्सइनपुट, अ‍ॅनालॉग ट्रिगर, खडबडीत प्लॅस्टिक, आणि केबल सुटी होणारी मिळाली तर तीच, कारण पॅडमध्ये सगळ्यात आधी तुटते ती केबल, आणि सुटी असेल तर शंभर-दीडशेत भागतं. स्टिक हॉलच्या मिळाल्या तर घे, पण दोन पॅड समोर असतील, एक हॉलचा ज्याची स्टिक शून्यावरून ०.१५ वर उडी मारते आणि दुसरा साध्या पोटेन्शिओमीटरचा जो गुळगुळीत चढतो, तर फोर्झासाठी मी डोळे झाकून दुसरा घेईन, दीड-दोन वर्षांनी ड्रिफ्ट झालाच तर मॉड्यूल बदलता येतं. फर्मवेअर खराब असेल आणि कंपनीने अपडेट दिला नाही तर मी, तू, कोणी काही करू शकत नाही. फक्त एफसी खेळणार असतास तर उत्तर उलटं असतं, मग हॉल घे, डेडझोनचं फार मनावर घेऊ नकोस, तिरक्या पासवाली टेस्ट तेवढी कर.

भावासाठी टेकनला दुसरा घेणार असशील तर त्यावर एवढे पैसे घालू नकोस, तिथे स्टिक आणि ट्रिगर कसेही असले तरी चालतात, डी-पॅड चांगला आणि एक्सइनपुट असला की झालं, एका वेळी चार पॅडपर्यंत विंडोजला अडचण नाही. आणि कंट्रोलर आला की टेस्टरचा स्क्रीनशॉट इथे टाक, केबलने लावलेला, चारही बाजूंनी स्टिक सोडून प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबून घेतलेला, म्हणजे चार स्क्रीनशॉट, एका फोटोवरून मला स्प्रिंगचं काही सांगता येणार नाही.